पेटीत न आलेला थर

त्या दुपारी एक छोटीशी लबाडी करून यंत्रवाल्या मामांना काय मिळणार होते, ते आधी सांगतो. अवजड यंत्र सुटे करून पुन्हा टेकडीवर चढवायचे कष्ट वाचणार होते. खडक तपासणाऱ्या साहेबांची बोलणी वाचणार होती. संध्याकाळची गाडी गाठून घरी गरम जेवायला मिळणार होते. एवढ्याशा लाभासाठी कोणी डोंगर विकेल का, असे तुम्हाला वाटेल. मित्रांनो, डोंगर एवढ्याशासाठीच विकले जातात.

मी एक जुना खडकाचा गाभा आहे. बांधकामाआधी टेकडीच्या पोटात काय दडले आहे ते पाहण्यासाठी एक पोकळ नळी गरगर फिरवत खाली घालतात. तिच्यात अडकून दांडक्यासारखा गोल दगड वर येतो, तो मी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तशी माझी गत. पृथ्वीच्या खऱ्या गाभ्याशी माझी ओळखदेखही नाही. तो हजारो किलोमीटर खाली बसला आहे. त्याच्यावर प्रावरण, प्रावरणावर कवच, आणि त्या कवचाच्या सालीवरचा मी एक ओरखडा.

माझा जन्म मात्र आगीतला. जमिनीच्या भेगेतून लाव्हा वाहिला आणि थंड होऊन त्याचा काळा अग्निजन्य खडक झाला. तो माझा खालचा भाग. मग ऊन, वारा, पाणी यांनी त्याचा माथा कुरतडायला घेतला. याला विदारण म्हणतात. त्यांना कसलीच घाई नव्हती. हजारो वर्षे कुरतडून त्यांनी वर लाल, चिकट मातीचा थर केला. त्यावर पुन्हा लाव्हा आला. तो माझा वरचा भाग. दोन फरशांमध्ये ओला साबण ठेवावा, तशी ती माती माझ्या या दोन भागांमध्ये होती.

नळी तापू नये म्हणून यंत्रात पाणी सोडतात. त्या पाण्यात माझा दगड टिकला, लाल माती मात्र वाहून गेली. हातभर थर वर आलाच नाही. असे झाले की गाभ्याच्या लांबट पेटीत तेवढी जागा सोडून तिथे लाकडी ठोकळा ठेवायचा असतो. इथे काहीतरी होते आणि ते हाती लागले नाही, एवढेच तो सांगतो. मामांना हे पाठ होते. पण आदल्याच पेटीत त्यांनी असा ठोकळा ठेवला, तेव्हा साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मामा, मला खडक दाखवा. लाकूडच बघायचं असतं तर सुताराकडे नसतो का गेलो?" आणि ते भोक पुन्हा पाडायला लावले होते.

म्हणून या वेळी मामांनी माझे दोन भाग सरकवून एकमेकांना भिडवले. शेवटी उरलेल्या जागेत दुसऱ्या भोकातला एक परका तुकडा बसवला. "चला, पेटीचं पोट भरलं," असे म्हणून त्यांनी हात धुतले.

साहेबांनी माझ्यावर हातोडी वाजवून पाहिली. "वा, एकसंध आहे की." मला ओरडायचे होते. पण दगडाला तोंड कुठले?

त्या एका शब्दावर टेकडीचा पायथा कापून तिथे शाळा उभी राहिली. मागच्या बाजूला, कापलेल्या कड्याला लागून, एक खोली बांधली. ती मावशीची. मावशी शाळा झाडायची, पाणी भरायची, घंटा द्यायची. पक्क्या भिंतींच्या आत ती जन्मात पहिल्यांदाच राहत होती. उद्घाटनाला साहेबांनी मला पेटीसकट शाळेला भेट दिले. मुले माझ्या गुळगुळीत अंगावरून हात फिरवायची. ते दिवस मला आवडले, हे कबूल करतो.

मग भूगोलाला नव्या बाई आल्या. एकदा त्यांनी मला वर्गात मांडले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, या दोघांची तोंडं जुळतच नाहीत."

"भांडण झालं असेल," मागून कोणीतरी म्हणाले आणि वर्ग हसला.

बाईंनी बोट ओले करून माझ्या खालच्या भागाचा माथा चोळला. बोट लाल झाले. "हे शेजारी नव्हतेच," त्या म्हणाल्या. "यांच्या मधलं कोणीतरी गेलंय. चिकणमाती. वरच्या खडकाच्या भेगांतून पाणी झिरपतं, पण मातीच्या थरातून खाली जाऊ शकत नाही. तिथेच साचतं. माती निसरडी होते, आणि थर उतरते असतील तर वरचा खडक त्यांच्यावरून..."

खिडकीतून कापलेला कडा दिसत होता. त्यातले थर शाळेकडेच उतरत होते.

साहेबांना बोलावले गेले. तोवर मावशीच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला होता आणि पायथ्याशी गढूळ पाणी पाझरत होते.

"दार अडकतंय, साहेब," मावशी म्हणाली. "मी जाड झाले म्हणावं, तर चौकटच वाकडी दिसतीय."

"रंधा मारून घ्या," साहेब म्हणाले.

"आणि या गाभ्यातली माती?" बाईंनी विचारले.

"बाई, पेटी शिगोशीग भरलीये. एक ठोकळा तरी दिसतोय का? मुलांनी हाताळून टोकं झिजली असतील."

त्या संध्याकाळी बाई मावशीला म्हणाल्या, "माझ्याकडे राहायला या."

"आणि तुमच्या सासूबाई मला ओवाळतील?" मावशी हसली. मग हळूच म्हणाली, "खोली सोडली की गेली, बाई. मागायला बसलेत चार जण. साहेब बघून गेलेत ना? मग झालं."

सुतार आला, दाराला रंधा मारून गेला. मग आठवडाभर पाऊस लागून राहिला. सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, वरचा खडक लाल मातीवरून सुटला. मावशी खोलीतच होती. दार तेवढे या वेळी सहज उघडले असते. पण तिला वेळच मिळाला नाही.

माझे आता सहा तुकडे झाले आहेत. चौकशीच्या कचेरीमागे, फुटक्या टाकीजवळ मी पडून आहे. मला कोणी जोडू नये, एवढीच इच्छा आहे. आणि मित्रांनो, तुम्हाला एक विनंती. जे माहीत नाही, त्याची जागा मोकळी ठेवा. कोणी हसेल, कोणी ओरडेल, गुण जातील. जाऊ द्या. आणि दुसऱ्याने मोकळी ठेवलेली जागा पाहून त्याला टोमणा मारू नका. पुढच्या वेळी तो ती भरून टाकेल.

राहिला हिशेब. मामांना गाडी मिळाली होती. साहेबांची बदली झाली, ती मोठ्या खुर्चीवर. बाई दुसऱ्या गावी गणित शिकवतात, भूगोल घेत नाहीत. मुलांचे वर्ग एका गोदामात भरतात. चौकशीच्या अहवालात एक समाधानाचे वाक्य आहे: सुट्टी असल्यामुळे एकाही विद्यार्थ्याला इजा झाली नाही. खरेच आहे ते. मावशी काही विद्यार्थी नव्हती. सगळ्यांच्या चुकांचे मोल तिने एकटीने भरले.