मुरुडच्या काट्यावर इस्लापूर

मुरुडच्या दूध केंद्रात दूध मोजायच्या नव्या बोलक्या मशीनला हार घातला, गुणाबाईंनी पहिली किटली काट्यावर ठेवली, आणि स्पीकर खणखणीत बोलला, "इस्लापूर दूध केंद्रात आपलं स्वागत आहे!"

रांगेत खसखस पिकली. चेअरमन भुजंगराव मात्र लालबुंद झाले. "आमचं दूध इस्लापूरला कवा गेलं, ताई?"

मशीन घेऊन नांदेडहून आलेली धम्मप्रिया कानकोंडी झाली. एकटीनं मशीन बसवायची तिची ही पहिलीच खेप. जमलं नाही तर पुन्हा ऑफिसात बसून फोन उचलायचे, हे मालक उमाशंकर सरांनी निघतानाच ऐकवलं होतं.

तिनं लॅपटॉप उघडला. सेटिंगच्या फाइलमध्ये इस्लापूर खोडून मुरुड लिहिलं, प्रोग्रामचं नवं बिल्ड, म्हणजे ताजी प्रत काढली, मशीनवर चढवली. स्पीकर पुन्हा इस्लापूर! आता तर लोक पोट धरून हसले.

तेवढ्यात सरांचा फोन. इथला गोंधळ कुणीतरी त्यांच्या कानावर घातला होता. "सत्यमला पाठवून राहिलो. तू हात लावू नको." सत्यम म्हणजे ऑफिसातला मुरलेला गडी.

"थोडं थांबा, सर," म्हणून तिनं फोन ठेवला. भलताच राग आला होता तिला, पण सरांचा नाही, त्या फाइलचा.

पडद्यावरच्या ओळी तिनं सावकाश वाचल्या आणि चोर सापडला. बिल्ड सुरू झालं की ऑफिसातली फाइल आपसूक खाली उतरायची आणि हिनं लिहिलेलं पुसून टाकायची. सगळ्या गावांना मिळून ती एकच फाइल. मागचं मशीन इस्लापूरला बसलं आणि नाव बदलायचं सगळेच विसरले. लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये कितीही लिहा, पालथ्या घड्यावर पाणी.

पण बिल्ड काढणाऱ्या टूलची एक खोड तिला ठाऊक होती. कमांड देतानाच गावाचं नाव सांगितलं की तेच पक्कं. मागून फाइल काहीही म्हणो. एकदा सुपारी फुटल्यावर दुसरं स्थळ कोण विचारतो? तिनं कमांडच्या शेवटी गाव ठोकलं आणि नवं बिल्ड मशीनवर चढवलं: -Dgaon=murud

"आता तरी ठेवू का गं? दूध नासंल माझं," गुणाबाई म्हणाल्या.

"ठेवा, मावशी."

"मुरुड दूध केंद्रात आपलं स्वागत आहे!"

एकच गलका झाला. भुजंगरावांनी स्वतः टाळी वाजवली. "हाव, आता कसं! लई झ्याक!" धम्मप्रियाचा आनंद गगनात मावेना.

तिनं सरांना फोन लावला. "सर, सत्यमला गाडीतून उतरवा. आन् पुढचं मशीन कुठं बसवायचं ते सांगा."

पलीकडे सरांनी वही चाळली.

"उदगीरला," ते म्हणाले. "सोमवारी. एकटीच जा."