उपाशी न ठेवलेली बंदूक

बाप मेला तेव्हा मागे दोनच वस्तू वाटायच्या राहिल्या. काष्टीच्या शिवारातली विहीर आणि एक ठासणीची बंदूक. विहिरीला पाणी होतं. बंदुकीला नुसता शेंदूर.

थोरला भाऊ मच्छिंद्र पंचांसमोर म्हणाला, "विहीर माझी. बंदूक गोरक्षची. किंमत सारखीच हाय."

म्हणजे मी काय थुंकून पीक काढायचं? मी भडकलो, तसा त्याने किंमत ठरवायला माणूसच आणला. नगरच्या लष्करातून पेन्शनीत आलेले हवालदार आप्पासाहेब. सकाळपासून दादाकडे कोंबडं ओरपत होते. मिशीला रस्सा तसाच. चिंच लावून त्यांनी शेंदूर घासायला लावला. खालून इंग्रजी अक्षरं निघाली. ती ना त्यांना वाचता येत होती, ना आम्हाला.

"असली विलायती!" ते म्हणाले. "हिच्यावरून दोन विहिरी ओवाळून टाकाव्यात!"

ज्याचं खावं त्याचं गावं, दुसरं काय.

दादाला चेव आला. आप्पासाहेबांच्या खिशातली, बार पेटवायची तांब्याची टोपी घेऊन त्याने बंदुकीला बसवली, घोडा कर्रकन वर ओढला आणि बंदूक माझ्या हातात कोंबली. "धर. राजा झालास!"

"बैल घेताना औताला जुपून बघत्यात," दाराआडून माझी बायको छबू बोलली. "वाजती तरी का ती?"

"वाजंल की!" दादा म्हणाला. "आज्यापासनं दर दसऱ्याला मूठभर दारू ठासतोय आमी. हत्यार उपाशी ठिवू नये."

"आणि उडवता कधी?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"देवाला कुनी उडवतं व्हय?"

आप्पासाहेबांनी नळीत गज सोडला. वीतभर गेला आणि थांबला. त्यांनी तो हळूच काढून घेतला. "गळ्यापर्यंत भरलीय," ते कुजबुजले. "गोरक्ष, शिंकू नको."

घोडा उतरवायला गेलो, तर तो गंजून अडकलेला. आणि मला हसू फुटलं. हसू आवरेना, नळी थांबेना. नळी वळेल तिकडचे पंच आडवे पडत होते. पुंजाराम पाटील तर खुराड्यात शिरले, कोंबड्या बाहेर आल्या.

"खाली ठिव!"

"आदळंल की!"

"मग हलू नगं!"

"दारू भिजवा, म्हणजे मेली!" आप्पासाहेब बाजेखालून ओरडले.

"हिरीत सोड!" दादा किंचाळला. "पळ, गोरख्या!"

छबू पदर सारखा करत बाहेर आली. "कुनाच्या हिरीत, भावजी? आमची तर न्हाई."

मला पुन्हा उबळ आली. नळी दादाकडे वळली.

"आपल्या! दोघांच्या! निम्मी निम्मी!"

"पंचांनी ऐकलं का?"

"ऐकलं, ऐकलं!" खुराड्यातून आवाज आला.

विहिरीवर दोराला बांधून आम्ही दोघा भावांनी बंदूक काठावरून आत सोडली. दादाच्या कपाळावरून घाम गळत होता.

"दादा," मी विचारलं, "तुझ्या निम्म्यात सोडू का माझ्या?"

"हळू सोड, मुडद्या!" तो म्हणाला, आणि त्यालाही हसू फुटलं.

दोर आमच्या हातात गदगदा हलत होता.