हिरवं कॅरिअर

नवरा, सासू आणि कडेवर लेक तेआ अशी वरात घेऊन मोरेना इवानोच्या सायकलच्या दुकानात शिरली, ती कालच गुपचूप इथे येऊन गेल्याचं चेहऱ्यावर अजिबात न दाखवता. इवानोही पक्का. "बऱ्याच दिवसांनी!" म्हणत त्याने साळसूदपणे हात पुसले.

"सोमवारपासून ही पुन्हा कामावर जाणार," तिचा नवरा तुल्लियो म्हणाला. "कॅरिअर मजबूत दाखव. तेआची सीट बसली पाहिजे."

इथेच तर घोडं अडलं होतं. पाळणाघर तुल्लियोच्या ऑफिसशेजारी. मोरेनाचं औषधाचं दुकान गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. पण फेरारा गावात मुलाची सीट आईच्या सायकललाच असते. का, ते कुणी विचारलेलंच नाही. तुल्लियोही वाईट नव्हता बिचारा. त्याच्या काळ्या सायकलला कॅरिअर नव्हतं आणि ती तशीच शोभते, एवढंच त्याचं म्हणणं.

मोरेनाला हवी होती फक्त घर ते दुकान एवढी वाट. लेक झाल्यापासून ती मोकळ्या हातांनी कुठेच गेली नव्हती. तेवढी वाट एकटीला मिळाली, की दिवसभर लेकीला पुरेल इतकी माया गोळा करून आणता येईल, असं तिला वाटे. पण हे सांगायचं कसं?

"ही लाल बघ," तुल्लियो मोरेनाला म्हणाला.

"ब्रेक कडक आहेत."

"मग निळी?"

"सीट टोचते रे."

"ही नवीकोरी?"

"ती मुळीच नको," सासूबाई इओले म्हणाल्या. "आपली कॉफी संपायच्या आत चोर घेऊन जाईल."

मग मोरेनाची नजर 'सहज' कोपऱ्यातल्या जुन्या हिरव्या सायकलकडे गेली. इओलेबाईंनी आपली छत्री तिच्या हातात दिली. "एका हाताने चालव. पावसात कामावर जायचंय तुला." मोरेना छत्री उघडून दगडी गल्लीत चक्कर मारून आली. सायकल खडखडली, पण डुलली नाही.

"पण हिला कॅरिअर कुठंय?" तुल्लियोने विचारलं.

"ही अशीच येते," इवानो छताकडे बघत म्हणाला.

इओलेबाई वाकल्या. सीटखाली, कॅरिअरचे नट काढलेल्या जागी, रंग नव्यासारखा चकाकत होता. त्यांनी काउंटरमागे पाहिलं. तिथे वर्तमानपत्राखालून एक हिरवी दांडी डोकावत होती. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. मोरेना घाईने छत्री मिटू लागली.

"तुल्लियो," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "तुम्हा तिघा भावंडांना सायकलवर घेऊन मी साखर कारखान्यात कामाला जायची. एक पुढे, दोघं मागे. तुझे बाबा आपले एकटेच, मोकळ्या सायकलवर शीळ घालत."

"हो, काय मस्त घालायचे!"

"मेल्या, मस्त काय!" असं म्हणून त्यांनी आपली पर्स बरोबर त्या चकाकत्या खुणांवर अडकवली. "हीच घ्या."

"अगं आई, पण तेआ?"

"तुझ्या सायकलला मागची बाजू नाही का?"

तुल्लियो वळून दाराबाहेर उभ्या आपल्या काळ्या सायकलकडे बघू लागला.

"एक जुनं कॅरिअर पडलंय माझ्याकडे," इवानो घाईने म्हणाला. "फुकट बसवून देतो." आणि त्याने वर्तमानपत्राखालून त्या हिरव्या दांडीसकट अख्खं कॅरिअर ओढून काढलं. इओलेबाईंना मोठा खोकला आला.

सोमवारी सकाळी तिघं बरोबरच निघाले. बापाच्या मागे बसलेली तेआ एका हातात पावाचा तुकडा धरून दुसऱ्या हाताने त्याची पाठ बडवत होती. "जोरात, बाबा!"

"बघितलंस?" तुल्लियो खूश होता. "कॅरिअरचा रंग नेमका तुझ्या सायकलचा! काय योगायोग!"

"हो ना," मोरेना म्हणाली आणि हसू लपवायला तोंड वळवलं.

कोपऱ्यावर वाटा फुटल्या. तेआने चावलेला पाव हलवून निरोप दिला. थोडं पुढे गेल्यावर मोरेनाचा हात आपसूक कमरेपाशी गेला, इवलासा बूट चाचपायला. तिथे नुसती हवा.

मग तिने समोर कुणीही नसताना घंटी वाजवली. पुन्हा एकदा वाजवली. आणि शीळ घालत निघाली.