डॉक्टरबाईंच्या खोलीतली तिसरी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. पण मित्रांनो, मला नुसती खुर्ची समजू नका. मनाच्या दुखण्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंच्या खोलीत एक खुर्ची त्यांची, एक रुग्णाची आणि तिसरी मी, दुभाष्याची. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत समजावून सांगतो तो दुभाषी.

सुताराने मला रंधा मारून मारून गुळगुळीत केलं होतं. "हिच्यावर बसलेल्याला तासभर उठावंसं वाटू नये," असं तो म्हणाला होता. सुरुवातीची कितीतरी वर्षं माझ्यावर एक म्हाताऱ्या बाई बसत. लढाईमुळे घरदार सोडून या परक्या देशात आलेल्या बायका रडत रडत बोलायच्या, आणि या बाई एक शब्दही इकडचा तिकडे न करता डॉक्टरबाईंना सांगायच्या. जाताना त्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. मी अगदी हरखून जायचे.

मग वरच्या साहेबांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे! दुभाषी बंद. दारावर कागद चिकटला: 'बोलायला घरचे कोणीतरी आणावे.'

एके दिवशी माझ्यावर नऊ वर्षांची पोर येऊन बसली. तिचे पाय जमिनीला टेकतही नव्हते. शाळेत जाऊन ती इथली भाषा भराभर शिकली होती. समोर तिची आई, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली.

"आईला विचार, झोप का लागत नाही?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

मुलीने विचारलं. आई तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "सांग, डोकं दुखतं."

खोटं होतं ते! मुलगी पाणी प्यायला बाहेर गेली, तेव्हा आई आपल्या भाषेत पुटपुटली, "बाळा, माझाच हात सुटला रे." आम्हां खुर्च्यांना सगळ्या भाषा कळतात, फक्त तोंड नसतं. तिच्या पुटपुटण्यातूनच मला कळलं: येताना होडी उलटली आणि धाकटा मुलगा बुडाला. मुलीला मात्र सांगितलं होतं, तो आजीकडे आहे. आता ही आई त्याच मुलीच्या तोंडून काय सांगणार होती?

तीन वेळा ती आली, तीन वेळा डोकं दुखलं. गोळ्या मिळाल्या. कागदावर लिहिलं गेलं: 'दुभाषी: होय, मुलगी. पुन्हा येण्याची गरज नाही.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या तिसऱ्या खेपेला फरशी पुसणाऱ्या मावशी दाराशी होत्या. त्याही त्याच मुलखातून फार पूर्वी आलेल्या. मुलगी पुन्हा पाणी प्यायला गेली, तेव्हा आईचं तेच पुटपुटणं त्यांच्या कानावर पडलं.

"चिमणे, बाहेर माझी बादली सांभाळ बघू जरा," असं म्हणून त्यांनी परत आलेल्या मुलीला पाठवलं आणि ओल्या हातांनीच माझ्यावर बसल्या. "आता बोल गं बाई. लेकरू बाहेर आहे."

आई बोलली. मावशींनी शब्दन् शब्द डॉक्टरबाईंना त्यांच्या भाषेत सांगितला. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "तीन वेळा आली ही, आणि मी डोकेदुखी लिहून मोकळी झाले!"

साहेबांना कळलं. हुकूम आला: सफाईवालीने दुभाष्याच्या खुर्चीत बसायचं नाही. नऊ वर्षांची पोर चालते आणि मावशी चालत नाहीत! हा कुठला न्याय? वर मलाच 'निरुपयोगी' ठरवून तळमजल्यावरच्या झाडू-बादल्यांच्या कोठीत टाकलं.

पण मावशी कसल्या ऐकतात! दर आठवड्याला जेवणाच्या सुट्टीत त्या मला पुसून आईला माझ्यावर बसवतात. स्वतः पालथ्या बादलीवर बसतात. डॉक्टरबाई डबा तसाच ठेवून येतात आणि दाराला टेकून उभ्या राहतात. आई आता थोडी झोपते म्हणे. मुलगी बाहेर अंगणात खेळते. तिला कधी, कसं सांगायचं, यावर तिघींचं बोलणं चालतं.

मला आनंद आहे, पण राग जात नाही. दुःखी बाईने चोरासारखं कोठीत का बसावं? मित्रांनो, मोठे झालात की मला परत माझ्या जागी न्या. माझ्यावर दोन्ही भाषा जाणणारं मोठं माणूस बसवा, लेकराला नको.

दारावरचा तो कागद अजून तसाच आहे. वर त्या खोलीत आत्ताही कुणाची तरी लेक सांगत असेल, "आई म्हणते, डोकं दुखतं."