नंबर नसलेलं रिव्हॉल्वर

१९५५ साली सरकारने मला हत्यारांच्या टेबलावर बसवलं. मला हत्यारांतलं काय कळतं, हे कोणी विचारलं नाही. माझ्या आधीचे कारकून पेन्शनीत गेले होते आणि खुर्ची रिकामी होती, एवढीच माझी लायकी.

आसपासच्या गावांतल्या परवानेवाल्यांनी दर डिसेंबरात आपापलं हत्यार घेऊन चिंचवडला हजर व्हायचं, असा नेम होता. शाळेच्या व्हरांड्यात माझं टेबल असे आणि शेजारी सतरंजीवर मीरासाहेब. मीरासाहेबांनी खडकीला लष्करी वर्कशॉपात तीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या होत्या. हत्यार चालू आहे की नाही ते त्यांनी सांगायचं, मी लिहायचं आणि शिक्का मारायचा. ठासणीच्या बंदुका भिंतीला टेकवून ठेवलेल्या असत, लग्नघरी छत्र्या असतात तशा. त्यांतल्या निम्म्यांनी छत्रीइतकेच जीव घेतले असावेत.

त्या डिसेंबरात एका दुपारी माण गावचे रंगराव आले. पुढे रंगराव, मागे त्यांची बायको गोजाबाई आणि गोजाबाईंच्या हातात खणात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर. हत्यार नवऱ्याच्या नावावर, पण वागवायचं तिनं, अशी त्या घरची रीत दिसत होती. त्यांना पाहून व्हरांड्यातली मंडळी सरकून बसली. कोणी तरी म्हणालं, "आलं, आलं."

रंगरावांनी खण सोडला आणि मला पहिल्यांदा कळलं की माणसं का सरकली होती.

रिव्हॉल्वर हातभर वाटावं इतकं लांब, आणि चांदीसारखं लखलखीत. मूठ शिसवीची, तळहाताच्या घामानं काळी पडलेली. मीरासाहेबांनी दोन्ही हात पुढे करून ते घेतलं. अंगठ्यानं खटका दाबला, तसं ते मधोमध बिजागरीवर वाकलं आणि आतली चकती आपोआप वर आली. काडतुसं असती तर सहाच्या सहा टपाटप खाली पडली असती. मिटताना त्याचा एकच भरीव आवाज झाला. दुसऱ्यांदा उघडून दाखवा, असं मी म्हणालो नाही, पण मीरासाहेबांनी ते माझ्याकडे बघून दुसऱ्यांदा उघडलं.

रंगरावांचे वडील खडकीला एका गोऱ्या साहेबाचे अर्दली होते. पहिल्या लढाईत बसऱ्याकडे त्यांनी साहेबाला तापात पाठीवर घालून चार मैल आणलं. साहेब विलायतेला निघाला तेव्हा त्यानं आपलं रिव्हॉल्वर त्यांना दिलं आणि परवानाही करून दिला. वडील गेले, परवाना रंगरावांच्या नावावर आला. रंगरावांकडे भाताची दोन खाचरं, एक म्हैस आणि हे रिव्हॉल्वर. पहिल्या दोन गोष्टी माणमध्ये पुष्कळांकडे होत्या. तिसरीमुळे लग्नात त्यांना नवरदेवाच्या घोड्याशेजारी चालवायचे. बांधाचं भांडण लागलं की बोलावणं यायचं. रंगराव खण न सोडता ते मधे ठेवायचे आणि दोन्हीकडची माणसं हळू आवाजात बोलायला लागायची. ते गेलं तर रंगराव म्हणजे दोन खाचरं आणि म्हैस, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

त्या घरात आल्यापासून त्यातून गोळी मात्र कधी सुटली नव्हती. वडिलांच्या वेळची तीन काडतुसं होती, ती हिरवी पडलेली. त्या मापाची नवी आता बाजारात मिळत नव्हती.

रांगेत पुढे उद्धवराव बसले होते. हे मूळचे चाकणचे, पण पिंपरीला औषधाच्या कारखान्याचं बांधकाम निघालं तेव्हापासून खडीच्या कंत्राटावर तिथेच मुक्कामाला. त्यांनी दोनच महिन्यांपूर्वी नवं रिव्हॉल्वर घेतलं होतं. काळं, आटोपशीर, चक्र बाजूला कलंडायचं, मग दांडी दाबून काडतुसं काढायची.

"रंगराव, वजन किती हो ह्याचं?" उद्धवराव म्हणाले. "पाट्यावर वाटण वाटायला बरं आहे."

"तुमचं खिशात मावतंय, उद्धवराव. ब्येस हाय. कुणाला दिसायची भीती न्हाई."

"दिसायला कशाला पाहिजे? लागलं की झालं."

"आमचं दिसलं की झालं," रंगराव म्हणाले. "लागायची येळच येत न्हाई."

मंडळी हसली. उद्धवरावही हसले, पण त्यांनी आपलं रिव्हॉल्वर मीरासाहेबांपुढे सरकवलं. "मियाँ, तुम्हीच सांगा. खरं बोला."

मीरासाहेबांनी एक उजव्या हातात धरलं, एक डाव्यात.

"खोटं कशाला बोलू? नव्याचं पोलाद भारी आहे. जोराचं काडतूस घेतं. ह्या बुढ्याची बिजागरी पन्नास सालांनी ढिली पडेल, ह्या नव्याचं काही ढिलं पडणार नाही." मग त्यांनी नवं खाली ठेवलं. जुनं हातातच राहिलं. "पण उद्धवराव, ह्या बिजागरीवर कोणी तरी चार दिवस कानस चालवलीय. तुमच्यासारखी कारखान्यातून एका दिवसात चारशे निघतात. मी काय, दोन्ही दुरुस्त करतो. पण तुमचं करताना गप्पा मारतो आणि ह्याचं करताना गप्प बसतो."

उद्धवरावांच्या कागदावर मी शिक्का मारला. मग रंगरावांचा परवाना घेतला. एरवी इथेच काम संपायचं. पण त्या वर्षी वरून पत्रक आलं होतं: प्रत्येक हत्यारावरचा नंबर डोळ्यांनी पाहून परवान्याशी ताडावा. माझ्या आधीच्या कारकुनांनी पस्तीस वर्षं तो नंबर आदल्या सालच्या पुस्तकातून पुढच्या सालच्या पुस्तकात नकलून काढला होता. अक्षर सुंदर होतं. हत्यार समोर आलं की जो तो हत्याराकडेच बघायचा. नंबराकडे कोण बघणार?

"मीरासाहेब, नंबर वाचा."

त्यांनी रिव्हॉल्वर उलटं केलं, बिजागरीच्या वरची जागा उन्हात धरली. खिशातून भिंग काढलं. मग चक्र पाहिलं. मग पेचकसानं मूठ खोलून आतलं लोखंड पाहिलं, तिथे गंजाशिवाय काही नव्हतं.

"सातचा आकडा दिसतो," ते शेवटी म्हणाले. "किंवा एकचा असेल."

परवान्यावर सहा आकडे होते.

"बाकीचे?"

मीरासाहेबांनी रिव्हॉल्वरच्या सगळ्या अंगावरून अंगठा फिरवला. कडा मऊ झाल्या होत्या. साबणाची वडी वापरून होते तशा.

"रंगराव, हे मूळचं काळं होतं ना?"

"काळं? मला आठवतंय तसं पांढरंच हाय."

तेव्हा गोजाबाई पुढे झाल्या. इतका वेळ त्या खांबाशी उभ्या होत्या. आपलं काम कोणी तरी ओळखलं, अशा तोऱ्यात म्हणाल्या, "म्या घासते की, भाऊसाहेब. दर खंडेनवमीला. पूजेला तलवारी, कोयते सगळंच घासत्यात, पर आमच्यावानी कुणाचं निघत न्हाई. आधी चिंच लावायची, मग इटकरीची पूड वस्त्रगाळ करून. सासूबाई घासायच्या तवा इतकं निघत नव्हतं. ह्या हातानं एकोणतीस नवम्या घासलंय."

हे सगळं त्या माझ्याकडे बघून सांगत होत्या. मी सरकारी माणूस, कागदावर चार चांगले शब्द लिहीन, असं त्यांना वाटलं असावं.

रंगरावांच्या ध्यानात आधी आलं. "गप बस," ते म्हणाले. पण जोरात म्हणाले नाहीत.

मग मी नियम सांगितला. नंबर नाही, तर हे परवान्यावरचंच हत्यार आहे याला पुरावा नाही. पुरावा नाही, तर ते विनापरवाना. विनापरवाना, तर जमा.

"पुरावा?" रंगराव म्हणाले. "ह्या व्हरांड्यात कुणालाबी इचारा, हे कुणाचं हाय."

खरोखरच कोणालाही विचारता आलं असतं. ताथवड्याचे, वाकडचे लोक बसले होते; एकजात मान हलवत होते. पण पत्रकात व्हरांड्याचा उल्लेख नव्हता.

मीरासाहेब माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, आकड्यांचे ठसे माझ्या पेटीत आहेत. परवान्यावर नंबर आहेच. दहा मिनिटांचं काम."

"ते बनावट होईल, मीरासाहेब."

"बनावट कसं? जो होता तोच ठोकायचा."

उद्धवराव उठून माझ्या खुर्चीमागे आले. ज्यांना रंगरावांची हार बघायची होती असं मला वाटत होतं, तेच म्हणाले, "साहेब, समोर हॉटेलात चहा चांगला मिळतो. माझ्याबरोबर चला. दहा मिनिटांत परत येऊ."

साऱ्या व्हरांड्याचं लक्ष मी चहा पितो की नाही याच्याकडे लागलं. रंगराव माझ्याकडे बघत नव्हते. ते बायकोच्या हातांकडे बघत होते आणि तिनं हात पदराखाली घेतले होते.

मी चोवीस वर्षांचा होतो. नोकरीला चार महिने झाले होते. "मी चहा घेत नाही," असं मी म्हणालो. दिवसाला सहा कप घेत होतो.

रिव्हॉल्वर जमा झालं. रंगरावांनी अर्ज केले. ते मीच लिहून दिले, कारण अर्ज लिहिणाऱ्याकडे जायचं तर त्यांना आणखी एक हेलपाटा पडला असता. तीन अर्ज मी रविवारी लिहिले आणि सोमवारी मीच आवक वहीत नोंदवले. त्यात वडिलांची नोकरी, बसरा, साहेब, चार मैल, सगळं घातलं. साहेबाचा पत्ता लागेना. श्रावणात उत्तर आलं: नंबर नसलेलं हत्यार मालकासमक्ष व दोन पंचांसमक्ष तोडून निकामी करावं.

तोडायला मीरासाहेबांनाच बोलावलं. दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी पेचानं आवळायचा लोखंडी चिमटा टेबलाला बसवला, त्यात रिव्हॉल्वर आवळलं आणि करवतीनं नळी कापायला घेतली. पंच म्हणून उद्धवराव आले होते, आणि शाळेचे एक मास्तर. गोजाबाई आल्या नव्हत्या. येत्या दसऱ्याला त्या घरात काही घासणार नाहीत, हे रंगरावांनी मी न विचारताच सांगितलं. "भांडीबी पोरीच घासत्यात," ते म्हणाले. "ही चुलीम्होरं बसून असती. म्या कायबी बोललो न्हाई तिला. बोललो असतो तर बरं झालं असतं."

पहिलं पातं तुटलं. मीरासाहेबांनी दुसरं लावलं. त्यांचं वय झालं होतं आणि करवत सारखी घसरत होती. नळीवर वेडेवाकडे ओरखडे उठत होते. उद्धवराव म्हणाले, "मियाँ, हातोडा घ्या, एकदाचं संपवा." मीरासाहेबांनी मान हलवली. ते गप्प बसून काम करत होते.

थोड्या वेळानं रंगराव बाकावरून उठले. मला वाटलं, चालले. ते टेबलाशी आले, चिमटा सैल केला, रिव्हॉल्वर सरळ करून पुन्हा घट्ट आवळलं आणि दोन्ही हातांनी मूठ धरून उभे राहिले.

"हालतंय ते," ते म्हणाले. "म्या धरतो. पर सरळ कापा."

तासाभरानं तीन तुकडे झाले. नळीचा तुकडा गरम होता, तो रंगरावांनी हातातच धरून ठेवला. मी पावतीवर "तुकडे तीन, नंबर नाही" असं लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे केला. त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला, तळहात धोतराला पुसले आणि सही कुठं करायची ते विचारलं.

मी बोट दाखवलं. उद्धवरावांनी आपलं पेन पुढे केलं, पण ते नवं होतं आणि त्यांनाच उघडता येईना, म्हणून मी माझं दिलं.