वरच्या फळीवरची वाफ

सात वर्षं हिल्का वाफेच्या नुसत्या स्वप्नात न्हात होती. पायांतलं बळ गेलं तेव्हापासून दर शनिवारी, बायकांच्या वेळेला, गावच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, तिची चाकांची लाकडी खुर्ची खाली फरशीवर आणि बाकीच्या सगळ्याजणी वर फळ्यांवर. वाफ मोठी मानी, ती छताशीच राहते. खाली हिल्काची पावलं गारच. थोरल्या बहिणीचं, लेम्पीचं "आहाहा" तेवढं वरून ऐकू यायचं. तापल्या दगडांवर पाणी ओतायचा लांब दांड्याचा डाव वर बसणाऱ्यांच्या हाती, त्यामुळे "अजून टाकू का गं?" असं हिल्काला कुणी विचारतच नसे. तिला त्याचंच रडू यायचं. अंधारात ते कुणाला दिसत नसे, हे एक बरं.

गावाने नवं सौना बांधायचं ठरवलं. वास्तुकार वेन्लाने नकाशा हिल्काच्या मांडीवरच पसरला. रुंद दार, उतरती वाट, कठडे, उंबरा नाही.

"बघा आजी, कायदा सांगतो त्याहून चार बोटं रुंदच!"

"दार झकास आहे गं. मी बसायचं कुठे?"

"इथे खाली. ऐसपैस."

"पोरी, शनिवारी ये. माझ्याशेजारी बस."

वेन्ला आली, फरशीवर बसली. लेम्पीने वरून पाणी ओतलं, दगड फुसफुसले, वर हशा पिकला. वेन्लाने पाय पोटाशी घेतले.

"आजी, इथे तर काहीच येत नाही!"

"मग सात वर्षं मी दुसरं काय म्हणतेय?"

बिचारीचं तोंड एवढंसं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात नवं सौना तळ्याकाठच्या उतारावर उभं राहिलं. दार टेकडीच्या अंगाला. सगळ्यांनीच सपाट वाटेने थेट वरच्या फळीपाशी यायचं. तापल्या दगडांची भट्टी खाली खोलात. ज्याला ऊब कमी हवी, त्याने पायऱ्या उतराव्यात.

पहिल्या शनिवारी हिल्काची खुर्ची लेम्पीच्या खांद्याला खांदा लावून थांबली. खिडकीत तळं आणि आकाश एकच झालं होतं. लेम्पीने डाव तिच्या हाती दिला.

"टाक."

हिल्काने टाकलं. वाफ हळूहळू वर आली आणि आईचा हात फिरावा तशी पाठीवरून फिरली. हिल्काने डोळे मिटले. आपण खुर्चीत आहोत की तळ्यात तरंगतोय, तिला कळेना. तिने दुसरा डाव ओतला. मग तिसरा, चौथा.

"अगं बास! भाजून मारतेस का मला?" लेम्पी ओरडली.

"सोसत नसेल तर खाली जा," हिल्का म्हणाली. "तिथे गार असतं. मला माहितेय."

लेम्पीनेच मग पाण्याची बादली हिल्काकडे सरकवली.