पाठ केलेलं गाऱ्हाणं

सुबोध घाडीचं चॅनल चालत नव्हतं, आणि हे त्याच्याखेरीज सगळ्या चारकोपला कळून चुकलं होतं. अंधेरीच्या विमा ऑफिसातली नोकरी सांभाळून, घरच्यांची बोलणी खाऊन, तो दर शनिवारी नेमानं एक व्हिडिओ टाकायचा. चॅनलचं नाव 'पडवीवर बसा'. नाव बरं होतं. बसायला कोणी येत नव्हतं, एवढंच.

विषय तरी काय एकेक! कणकवलीकडच्या त्यांच्या गावात शेताच्या प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव आहे, त्या नावांचा व्हिडिओ. देवळामागच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी का असतं, त्याचा व्हिडिओ. गिरणीत मागावर दोरा तुटला की विणकर तो कसा जोडायचा, हे तर त्यानं वडिलांच्या हातात सुतळी देऊन करून दाखवायला लावलं होतं. मेहनत खरी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण बघणारे कोण? बायको ऋतिका, ऑफिसातले दोघेतिघे भिडेखातर, आणि मुलुंडचे देवदत्त नावाचे कोणी गृहस्थ. हे देवदत्त न चुकता व्हिडिओखाली दोन ओळी लिहायचे, आणि त्या शेवटपर्यंत बघून लिहिलेल्या असायच्या. सुबोध त्यांना दहा ओळींचं उत्तर द्यायचा.

'धीर धरा, सातत्य सोडू नका' असं सांगणाऱ्यांचे व्हिडिओ सुबोध भक्तिभावानं बघत असे. या लोकांचं एक बरं असतं. त्यांचा धीर आधीच फळाला आलेला असतो, त्यामुळे दुसऱ्याला उपदेश करताना त्यांच्या खिशाला चाट बसत नाही. धीर धरून शेवटी हाती काय लागेल आणि ते लागल्यावर माणसाचं काय होईल, हे मात्र त्यातला एकही जण सांगत नाही.

सुबोधचे वडील दशरथ घाडी, सगळ्यांचे भाऊ. आयुष्य गिरणीत गेलं, गिरणी गेल्यावर मिळेल ते काम केलं, आणि आता चारकोपच्या दोन खोल्यांत पेपर वाचत बसायचे. पण गणपतीत त्यांचा रुबाब वेगळा. गाऱ्हाणं घालायचा मान घाडी घराण्याचा. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागायचं. एकानं वाक्य म्हणायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. कोणाच्या मुलीचं लग्न अडलंय, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, भाऊ एकेकाचं नाव घेऊन देवाच्या कानावर घालायचे. सेक्टरमधली कोकणातली निम्मी बिऱ्हाडं तेवढ्यासाठी त्यांच्या गणपतीला यायची. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. बापानं म्हणायचं, मुलानं ऐकून उचलायचं.

"झिला, आता शिकान घे," भाऊ दरवर्षी म्हणायचे. "मी काय जन्मभर पुरतलंय?"

"शिकतो भाऊ," सुबोध म्हणायचा. "चॅनलचं जरा मार्गी लागू दे."

त्या वर्षी गणपतीला खोली भरली होती. सुबोधनं कोपऱ्यात मोबाइल लावून ठेवला होता. भाऊंनी डोळे मिटले, हात जोडले आणि खणखणीत सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी रवली हत..."

"व्हय म्हाराजा!"

मग भाऊ थांबले. ओठ हलले, शब्द आला नाही. आणि पुढे आलं ते असं:

"मागावर दोरो तुटलो हा, म्हाराजा!"

माणसाला सवय लागली की तो ऐकायचं सोडून देतो. सगळी खोली एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

"मुकादम ह्या बाजूक येता हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"भिक्या अजून निजलोहा. तेका उठवा, गिरणीची पाळी चुकात, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भिक्या म्हणजे भाऊंचा धाकटा भाऊ भिकाजी. त्याला जाऊन जमाना झाला होता. तेव्हा कुठे पुढच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळे हसले. भाऊंनी डोळे उघडून माणसांकडे पाहिलं आणि तेही हसले. हसतात कशाला, हे त्यांना कळलेलं नव्हतं. सुबोधची आई मालनबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पदरानं नवऱ्याचं कपाळ पुसायला लागल्या.

सुबोधनं तेवढा तुकडा कापला. टाकताना त्याचा हात अडला नाही, असं नाही. अडला. पण शनिवार होता, दुसरं काही तयार नव्हतं, आणि इतक्या वर्षांत त्यानं एक शनिवार चुकवला नव्हता. नेमाचा माणूस! त्यानं टाकला.

दोन दिवसांत भाऊ महाराष्ट्रभर झाले. लग्नाच्या हॉलपासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत पोरं 'दोरो तुटलो हा, म्हाराजा' म्हणून एकमेकांना टाळ्या द्यायला लागली. 'पडवीवर बसा'च्या पडवीत पाय ठेवायला जागा उरली नाही. सुबोधचे साहेब त्याच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "काय राव, झकास! आम्हाला सांगितलंच नाही कधी." इतकी वर्षं तो सांगतच होता. पण त्या दिवशी त्याला एवढं भरून आलं, की तो बाथरूममध्ये जाऊन रडला. त्या रडण्याला हसू नये. कोणी तरी आपल्याकडे बघावं, यासाठी माणूस फार दिवस ताटकळला होता.

भाऊही खूश. भाजी आणायला गेले की भाजीवाली ओरडायची, "ओ म्हाराजा!" मुली शेजारी उभ्या राहून फोटो काढायच्या. भाऊ हात जोडून सगळ्यांना आशीर्वाद द्यायचे. आयुष्यात त्यांना मुकादमानंसुद्धा धड नावानं हाक मारली नव्हती.

ऋतिकाला मात्र राहवेना. ती सासऱ्यांना बोरिवलीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, की हा विस्मरणाचा आजार आहे, पुढे पुढे जाणार, मागे येणार नाही. घरी आल्यावर मालनबाईंनी सुबोधला स्वयंपाकघरात बोलावलं.

"काढ तां आधी," त्या म्हणाल्या.

"काय काढू?"

"सोंग घेव नको. माझो घोव इसारता हा, आणि तू तेचो तमाशो मांडलंस."

"आई, लोक प्रेम करतात गं त्यांच्यावर. आणि भाऊ खूश आहेत ना? तूच सांग, इतके खूश कधी बघितलेलेस?"

ते खरं होतं, आणि मालनबाई पुन्हा गॅसकडे वळल्या. सुबोधला आपण जिंकल्यासारखं वाटलं. आजारपणावर तो त्यानंतर एकदाही स्वतःहून बोलला नाही.

त्याच आठवड्यात देवदत्तांच्या दोन ओळी आल्या. 'सुबोधराव, हे बघवत नाही. वडिलांना काही तरी होतंय. तुमचा शेतांच्या नावांचा व्हिडिओ मी अजून नातवंडांना दाखवतो.' त्याखाली कोणीतरी 'काका, चिल मारा' असं लिहिलं होतं. सुबोध उत्तर देणार होता. मग राहिलं. देवदत्त पुन्हा दिसले नाहीत, आणि एवढ्या गर्दीत एक माणूस कमी झालेला कोणाला कळणार?

पण गर्दी ती गर्दी. ती आली तशी पांगायला लागली. सुबोधनं घाईघाईनं विहिरीचा जुना व्हिडिओ नव्यानं करून टाकला, कोणी ढुंकून बघितलं नाही. मग, भाऊंची तब्येत बरी होती अशा एका सकाळी, त्यानं त्यांना खिडकीपाशी उभं करून खरं गाऱ्हाणं म्हणायला लावलं. भाऊंनी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत असं म्हटलं, की मालनबाई हातातली कणीक तशीच घेऊन दारात उभ्या राहिल्या. गावची देवळं, वेशी, पूर्वज, लेकीसुना, वासरं, कोणी म्हणून सुटलं नाही. त्याखाली लोकांनी लिहिलं, 'बोअर.' 'जुनंवालं पाहिजे.' 'म्हातारा सुधारला वाटतं.'

सुबोधनं हे वाचलं आणि फोन घेऊन वडिलांसमोर बसला.

"भाऊ, तुम्ही गणपतीत म्हणालेलात ना, तसं परत म्हणाल?"

"काय म्हटलंय मी?"

सुबोधनं व्हिडिओ लावला. भाऊंनी चष्मा पुसून नीट बघितला. आधी हसले. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्यो मी?"

"हो."

"ह्यां गाऱ्हाणां नाय रे, झिला."

"माहितीये भाऊ. पण लोकांना हेच आवडतं."

भाऊंनी चष्मा काढून ठेवला. "तुझां काम होतलां ह्येच्यान?"

"होईल."

"मग शिकव माका."

आणि त्यानं शिकवलं! ज्यानं बापाकडून एक ओळ कधी उचलली नाही, तो बापाला शिकवायला बसला. "इथे थांबायचं, भाऊ. डोळे मिटून. जरा ओठ हलवायचे, जसं काही आठवत नाहीये. आता म्हणा, दोरो तुटलो." जन्मभर सांगितलेलं काम चोख करत आलेला माणूस तो. दाढी करताना म्हणायचा, जिना उतरताना म्हणायचा, जेवताना मध्येच घास थांबवून मुलाला विचारायचा, मुकादम आधी की भिक्या आधी? भिकाजीचं नाव दरवेळी ऐकून मालनबाईंना जेवण जाईना. त्या ताट घेऊन आत जाऊन बसायच्या.

नवा व्हिडिओ धो धो चालला. त्यानंतरचाही चालला. धीर कसा धरावा हे दुसऱ्यांना सांगायला सुबोधला बोलावणी यायला लागली. तो जायचा, आणि बोलायचाही छान.

पुढच्या गणपतीला त्यानं गाऱ्हाणं थेट दाखवायचं जाहीर केलं. सकाळपासून अनोळखी माणसं जिन्यात उभी. आणि दुपारी घाटकोपरहून त्याची बहीण प्रियंका आली, थेट हॉस्पिटलातून. तिचा नवरा अनय दिवाळी बघेल की नाही, याची डॉक्टरांना खात्री नव्हती. प्रियंका औषधांच्या कंपनीत कामाला, देवधर्माच्या वाटेला फारशी न जाणारी. पण अशा वेळी माणूस कुठली दारं ठोठावेल, सांगता येत नाही. ती भाऊंच्या पायाशी बसली.

"भाऊ, आज अनयचं नाव घ्या. तुम्ही नाव घेतलंत की होतं. माझं लग्न अडलं होतं तेव्हा झालं होतं ना?"

"घेतंय गो बाय," भाऊ तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले. "पयलां तेचांच नाव."

सुबोधनं हे दारातून ऐकलं. त्यानं भाऊंना आतल्या खोलीत नेलं. "भाऊ, आज जुनं म्हणा. खरं गाऱ्हाणं."

"जुनां कसलां?"

त्यानं खिडकीपाशी घेतलेला व्हिडिओ लावला. भाऊ मान डोलावत ऐकत राहिले. "आवाज बरो आसा," ते म्हणाले. "कोण ह्यो?"

बाहेर माणसं टाळ्या वाजवायला लागली होती. सुबोधला थांबवता आलं असतं. भाऊंना बरं नाही म्हणून सांगायचं, फोन बंद करायचा, आणि येईल तशा चार शब्दांत बहिणीसाठी देवाला स्वतः विनवायचं. त्यासाठी पाठांतर लागत नाही. पण बघणाऱ्यांचा आकडा स्क्रीनवर चढत होता, आणि इतक्या वर्षांत तो एवढा कधीच चढला नव्हता. तो भाऊंना हाताला धरून बाहेर घेऊन आला.

भाऊंनी हात जोडले, डोळे मिटले. शिकवल्याप्रमाणे थांबले, शिकवल्याप्रमाणे ओठ हलवले. खोलीत हशा आधीच सुरू झाला होता.

"मागावर दोरो तुटलो हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

प्रियंका अगदी पुढे, हात जोडून, नवऱ्याच्या नावाची वाट बघत उभी होती. मुकादम येऊन गेला. भिक्याला उठवून झालं. तिनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग तिला धीर धरवला नाही आणि ती भाऊंच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली, "देवा, माझ्या अनयला वाचव रे!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली हसत हसत म्हणाली.

मालनबाईंनी लेकीला मिठीत घेतलं आणि माणसांना ढकलत आत नेलं. लोकांना वाटलं, हेही ठरवलेलंच असेल. कोणीतरी शिट्टी मारली. भाऊंनी शेवटचं वाक्य घातलं, देवाला वाकून नमस्कार केला, आणि घाम पुसत, काळजीनं, मुलाजवळ आले.

"चुकलंय काय रे खंय?"

सुबोधनं त्यांच्याकडे पाहिलं. फोन अजून चालूच होता.

"नाही भाऊ," तो म्हणाला. "एकदम बरोबर म्हणालात."

भाऊंचा जीव भांड्यात पडला.